बेलखारचा हाकारा

पनवेलला गाडी बदलून मी रोह्याच्या मेमूत बसले, तेव्हा माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकऱ्यांची चवड आणि एक नवी कोरी चादर होती. सोलापूरचा माणूस रिकाम्या हाताने कुणाच्या दारात उभा राहत नाही. माझी भाची सायली लग्न होऊन रोह्याला गेली, त्याला काही वर्षं झाली. "मावशी, तू आता रिटायर झालीस, आता तरी ये," हे पालुपद ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा एकदाची निघाले.

माझी नोकरी झाली सांख्यिकी खात्यात. घरोघरी जायचं आणि विचारायचं: छप्पर कशाचं, पंखा आहे का, दुचाकी आहे का, कमावतं कोण, किती. त्यावरून तालुका पुढारलेला की मागासलेला हे वरचे लोक ठरवायचे. मला माझ्या कामाचा अभिमान होता, आजही आहे. मोजल्याशिवाय सरकारला माणूस दिसत नाही. फक्त काय मोजायचं हे आधीच कुणीतरी ठरवून दिलेलं असायचं, आणि त्यावरून मी साहेबांशी इतक्यांदा वाद घातला की ऑफिसात माझं नाव 'हरकतवाल्या बाई' पडलं. एकदा मी विचारलं होतं, "साहेब, पहाटे उठून पाणी भरणारी, गुरं सांभाळणारी, शेतात राबणारी बाई आपल्या तक्त्यात 'काम करत नाही' अशी कशी?" साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही फार विचार करता." तो मी माझा गौरवच समजले.

पेण मागे पडलं आणि खिडकीबाहेर सपाट, कापणी झालेली भातशेतं लागली. शेतांच्या पलीकडे मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधाच्या पलीकडे चक्क पाणी. खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच! मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. आम्ही सोलापूरची माणसं पाण्याच्या मागे धावतो, आणि इथे पाण्याला बाहेर थोपवून धरण्यासाठी भिंत बांधावी लागते. समोर बसलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "खारजमीन हाय ती. समुद्राकडनं घेतलेली." एखाद्याने शेजाऱ्याकडून वाटीभर साखर घेतल्यासारखं तो ते बोलला आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

रोहा मला आवडलं. कुंडलिकेच्या काठावर संध्याकाळी माणसं फिरायला येतात, बाजारात ताज्या मासळीशेजारी कंपन्यांच्या गणवेशातली पोरं भाजी घेताना दिसतात. शिफ्ट सुटली की रस्ता दुचाकींनी भरून जातो. सायलीचा नवरा धाटावच्या एका कंपनीत आहे, त्यामुळे त्यांच्या घरातलं घड्याळ शिफ्टवर चालतं. सायलीच्या शेजारचा फ्लॅट मात्र बंद होता. दारावर सुंदर पितळी कडी, आत माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दारातून एक तिशीतला, नीट दाढी राखलेला तरुण बाहेर आला. "सलाम मावशी. मी इमरान." कुवेतला बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर, सुट्टीवर आलेला. त्याने मला अख्खा फ्लॅट फिरवून दाखवला. गिझर, बसायच्या उंचीचा संडास, बाल्कनीतून दिसणारी नदी, न्हाणीघरात हाताने धरायला दांडी. एकेक गोष्ट दाखवताना त्याचा चेहरा फुलत होता. "अम्मीचे गुडघे दुखतात. म्हणून मुद्दाम लिफ्टची बिल्डिंग घेतली."

"मग अम्मी कुठे आहे?"

"गावाला. बेलखारला, पेणच्या पुढे खाडीवर. येत नाय." तो ओट्याला टेकला. अब्बा गेल्यापासून आई एकटी राहते, आठवड्याने त्याचं विमान आहे, आणि त्याआधी तिला इथे आणून सोडायचं तर ती बांधाचं कारण सांगते. "मावशी, तुम्ही तिच्या वयाच्या. सरकारी नोकरी केलेल्या. तुमचं ऐकंल ती."

मी सायलीकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. हा कट कुणी शिजवला होता ते मला तेव्हाच कळलं.

तर अशी मी राजदूत होऊन निघाले. इमरानने ट्रेनच धरली. रोहा सुटलं की पहिलं स्टेशन निडी. तिथे दोन बायका वालाच्या शेंगांच्या टोपल्या घेऊन चढल्या आणि सगळा डबा हिरवा वास मारू लागला. एकीने माझी पिशवी बाजूला सरकवत विचारलं, "कुठशी गो तू?" सोलापूर म्हटल्यावर तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तिकडं पानी नाय ना?" आणि मूठभर शेंगा माझ्या ओटीत टाकल्या. मी चटणीची पुडी काढून दिली. तिने जिभेला लावली, डोळ्यांत पाणी आलं तरी "ब्येस हाय" म्हणाली आणि पुडी कमरेला खोचली. सोलापूरची मान तिथे वर राहिली.

नागोठण्याला कारखान्याच्या चिमण्या दिसू लागल्या. इमरान म्हणाला, "लहानपणी आम्ही ह्यो उजेड गावातनं बघायचो. वाटायचं, तिकडे रात्र होतच नाय." मग जरा थांबून त्याने सांगितलं की धाटावच्या एका कंपनीतूनही त्याला बोलावणं आहे. पण पगार कुवेतच्या मानाने अगदीच कमी. "पोरं मोठी व्हायची हायत, मावशी." त्याची बायको-मुलं तिकडेच त्याच्याबरोबर होती. हिशेब त्याचा बरोबर होता.

पेणला उतरून रिक्षा शोधेपर्यंत एका गणपतीच्या कारखान्यात डोकावले. भर हिवाळ्यात रांगेने पांढरे, बिनरंगाचे गणपती भाद्रपदाची वाट पाहत बसले होते. कारागीर म्हणाला, "आमचं काम बारमाही. इथला गणपती परदेशात जातो." म्हणताना त्याची छाती कशी पुढे आली! या तालुक्यात ज्याला पाहावं त्याला कशाचा ना कशाचा तोरा आहे, आणि मला तो शोभून दिसला.

बेलखारला रिक्षा थांबली ती तळ्याकाठी. गोड्या पाण्याचं मोठं तळं, त्याच्या एका अंगाला देऊळ, दुसऱ्या अंगाला मशीद, आणि पलीकडे शेतांच्या कडेने तोच मातीचा बांध. मशिदीमागच्या कौलारू घरातून हमीदाबी बाहेर आली. उंच, हाडापेराने मजबूत, चालताना मात्र डावा पाय ओढत होती. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू मला न्यायला आलीस ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"आदी जेव, मंग ने."

तांदळाची भाकरी, जिताड्याचं कालवण (जिताडा म्हणजे खाडीतला मोठा, गोड मासा, इथे तो गावतळ्यातही पाळतात) आणि वर कैरीचं लोणचं. मी मासे फारसे खात नाही, त्या दिवशी खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले. जेवण झाल्यावर मी माझं काम सुरू केलं. लिफ्ट सांगितली, गिझर सांगितला, नदी सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "न्हाणीत दांडी हाय म्हनं?"

"आहे."

"आनि बाजार जवल?"

"खाली उतरलं की बाजार."

तिने सुस्कारा टाकला. "मला जायाचा हाय गो! कोन म्हनतं नाय जायाचा? माजे गुडगे मला ठावं. पन घर गप राहील त्याचा काय?"

तेव्हा मला हाकारा कळला. बांधाला खांड पडली (भगदाडाला इथे खांड म्हणतात), की दत्तूनाना म्हात्रे उघाडीवर, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडायच्या लाकडी दारावर, उभा राहतो आणि एकेका घराला हाक मारतो. माणसाला नव्हे, घराला. चिंचेखालचं घर, विहिरीवरचं घर, कोपऱ्यावरचं घर. त्या घरचं जे कुणी आलं असेल त्याने "हाय!" म्हणून ओरडायचं. बाप येवो, सून येवो, एका घराचा एक आवाज. हाकाऱ्याला घर गप्प राहिलं, तर दंड नाही, भांडण नाही. पुढच्या वेळी नाना ते घर पुकारत नाही, एवढंच.

"एवढंच?" मी विचारलं.

"येवडाच," हमीदाबी म्हणाली, आणि तिने ते ज्या आवाजात म्हटलं त्यावरून मला कळलं की याहून मोठी शिक्षा त्या गावाला माहीत नाही.

इमरान ओट्यावरून म्हणाला, "मी नानाला बोललो, दर वेळी माणूस लावायचे पैसे पाठवतो कुवेतवरून. नाय म्हणाले."

"कशाला व्हय म्हनंल? पैशे काय 'हाय' म्हनतात काय?"

मायलेक एकमेकांकडे न बघता बसले. माझी शिष्टाई तिथेच आटोपली होती. न जायचा हट्ट असता तर मी तो मोडून काढला असता. हिला तर जायचं होतं. अडत होतं ते एका आवाजापाशी.

संध्याकाळी गावच्या मंडळींनी पाहुणी आली म्हणून पोपटी लावली. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. मडकं पालथं घालून भोवती जाळ. सोललेल्या शेंगेतून वाफ निघते आणि पाल्याचा उग्र वास दाण्यात उतरलेला असतो. दत्तूनाना तिथेच भेटले. वाळलेले, ठेंगणे, आवाज मात्र ढोलासारखा. मी माझ्या नोकरीबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाय, तुमच्या सरकारनं आमचा गाव कसा धरला हाय? पुडं का मागं?"

"पुढे असणार. बंद घरांच्या भिंतींवरही एसी दिसतात मला."

नाना हसले. "मी बी मोजतो. पन मी आवाज मोजतो." त्यांनी चिकटलेल्या शेंगा मडक्यातून खरवडून माझ्या पानावर घातल्या आणि अमावास्येच्या उधाणाचा विषय निघाला तसे बांधाकडे बघू लागले.

पहाटे आरडाओरड्याने जाग आली. रात्रीच्या भरतीत बांधाला खांड पडली होती. खेकड्यांनी आतून बिळं पाडलेली, त्यातून पाणी झिरपत झिरपत माती घेऊन गेलं. आता ओहोटी होती म्हणून पाणी उतरलेलं, पण उधाणाची दुसरी भरती दुपारी येणार, आणि ती रात्रीपेक्षा मोठी. खांडीतून ते पाणी आत आलं तर शेतांत मीठ बसणार, पुढली पिकं जाणार. त्याहून वाईट म्हणजे ते तळ्यात शिरणार. तळं खारवलं की पावसाळ्यापर्यंत गुरांना, माणसांना टँकर.

अन् माझ्यातली हरकतवाली बाई त्याही घाईत जागी झाली. टँकर आला की त्याचं भाडं उत्पन्नात धरलं जातं. डिझेल धरलं जातं, ड्रायव्हरचा पगार धरला जातो. तळं नासलं तर कागदावर हा तालुका थोडा श्रीमंत होतो. आणि खांड बुजवणारे हात? ते आमच्या कुठल्याच तक्त्यात नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण चिखलात उभं राहून ते आठवलं तेव्हा रागच आला.

गाव बांधावर जमलं. नाना उघाडीवर चढले.

"चिंचेखालचं घर!"

"हाय!"

"विहिरीवरचं घर!"

"हाय!" ही एक नवी सूनबाई होती, हातात पाटी.

"देवळापुडलं घर!" "हाय!" "कोपऱ्यावरचं घर!" "हाय!" काही जण कंपनीतून रात्रपाळी करून थेट आलेले होते, बुटांसकट चिखलात. हिंदू-मुसलमान, म्हातारे-तरणे, एकामागून एक आवाज उठत होते आणि माझ्या अंगावर सरसरून काटा येत होता. अख्खी नोकरी मी घरं मोजली, पण मोजलं जाताना घराला असं ओरडून उत्तर देताना कधी ऐकलं नव्हतं.

"मशिदीमागचं घर!"

हमीदाबी साडी खोचून गुडघाभर चिखलात उभी होती. "हाय!" ती ओरडली. इमरान बांधावर फोन कानाला लावून उभा होता.

तो फोन करत होता पोकलेनसाठी. रस्त्याच्या कामावर एक मशीन जवळच होती. त्याच्या ओळखीच्या ऑपरेटरने यायचं कबूल केलं. "दोनशे माणसांचं काम एकटी करंल, नाना. तिकडं आम्ही समुद्रात बेटं उभी करतो मशीननं." खरं सांगायचं तर कुणीच नको म्हणालं नाही. उलट सगळे खूश. आपल्या इमरानने मशीन आणली! पिवळं धूड दणदणत आलं तेव्हा कुणीतरी धावत जाऊन नारळ आणला, नानांनी स्वतः तो फोडला, आणि हमीदाबीने माझ्याकडे असं बघितलं की मशीन जणू तिच्या पोटची.

बांध वरून वाळलेला, टणक दिसतो. आत तो खाडीचा काळा, मऊ चिखल असतो. शतकानुशतकं त्याने माणसांचे पाय सोसलेत, मशीनचं वजन कधी सोसलेलं नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत, इमरानलाही माहीत होतं. पण अभिमानाच्या भरात ते कुणालाच आठवलं नाही. खांडीपासून थोड्या अंतरावर बांध खचला, मशीन एका अंगाला कलंडली, आणि मोठा लगदा सुटून खांड दुप्पट झाली. ऑपरेटर उडी मारून वाचला.

इमरानचा चेहरा मी विसरणार नाही. नव्या फ्लॅटची एकेक वस्तू दाखवताना फुललेला चेहरा हाच का, असं वाटावं इतका तो उतरला होता. त्याला वाटलं असणार, आता सगळे तुटून पडतील. पण नाना एवढंच म्हणाले, "नारल मी फोडला. चला, पेंढा आना."

मग जे झालं ते मी डोळे भरून पाहिलं. बांबू रोवले गेले, त्यांच्यामध्ये पेंढ्याच्या जुड्या ठासल्या, आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या चिखलपट्ट्यातून, खांडीपर्यंत माणसांची साखळी लागली. एकाने चिकणमातीचा गोळा कापायचा, पुढच्याच्या हाती द्यायचा, त्याने पुढे. मीही साखळीत उभी राहिले. सुरुवातीला माझे गोळे निम्मे अंगावर सांडायचे. शेजारची रात्रपाळीवाली पोरगी म्हणाली, "मावशे, पोटाशी धर, पोर धरल्यासारका." तसा धरला, आणि मग जमलं.

इमरानने घड्याळ काढून खिशात टाकलं, बूट बांधावर फेकले आणि तो थेट खांडीच्या तोंडाशी, कमरेइतक्या चिखलपाण्यात उतरला. तिथे सर्वांत दणकट माणूस लागतो. वरून आलेला प्रत्येक गोळा पायाने दाबून बसवायचा. त्याचे अब्बा तिथेच उभे राहायचे, असं मला मागून कुणीतरी सांगितलं. पाणी चढू लागलं तसे नाना वरून ओरडत राहिले, "दाब! दाब रं!" आणि तो दाबत राहिला.

भरती आली तेव्हा बांध ओला, बेढब, पण अखंड होता. पाणी त्याच्या कडेपर्यंत चढलं, थबकलं, कलंडलेल्या मशीनला वळसा घालून परत फिरलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जो तो जागच्या जागी बसला आणि पाण्याकडे बघत राहिला. मला आयुष्यात क्वचितच वाटला असेल इतका गर्व वाटत होता. कुणाचा, ते तेव्हा नीट कळलं नाही. बहुधा आम्हा सगळ्यांचा.

मग नाना पुन्हा उघाडीवर चढले. काम संपल्यावर दुसरा हाकारा होतो, कुणी चिखलात अडकून मागे राहिलं नाही ना हे पाहायला. शिवाय या हाकाऱ्याला घरातला जो आवाज देतो, पुढच्या खांडीला घराची जबाबदारी त्याची. पुन्हा तीच घरं, तेच आवाज, फक्त आता बसलेले.

"मशिदीमागचं घर!"

हमीदाबी माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते.

"मशिदीमागचं घर!" नानांनी पुन्हा हाक दिली. त्यांना ती दिसत होती, तरीही. माणसं वळून पाहू लागली. तिने पदर तोंडाशी धरला आणि खाली बघत राहिली. बुजलेल्या खांडीच्या आतल्या अंगाला इमरान अजून कमरेइतक्या चिखलात होता. त्याने आईकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, मला कळलं होतं, सगळ्या बांधाला कळलं होतं. आज ज्याने उत्तर दिलं त्यालाच पुढच्या वेळी यावं लागतं. कुवेतहून येता येत नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. नानांनी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. ते नुसते थांबले.

"हाय!" इमरान ओरडला. आवाज फाटला त्याचा. मग त्याने घसा खाकरून पुन्हा, स्वच्छ, "हाय!"

नानांनी पुढच्या घराला हाक दिली, जसं काही झालंच नाही. हमीदाबी पदरात तोंड घालून हमसाहमशी रडत होती आणि मधेच हसत होती, आणि मी तिच्या पाठीवर चिखलाचा हात फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रोह्याला आलो. हमीदाबीने बरोबर फक्त भाकरीचा मातीचा तवा, वालाची पिशवी आणि एक कोंबडी घेतली होती. कोंबडी शेवटी पेणला एका नात्यातल्या घरी ठेवावी लागली. लिफ्टमध्ये हमीदाबी डोळे मिटून माझा हात धरून उभी राहिली. न्हाणीघरातली दांडी तिने दोनदा ओढून पाहिली. "पक्की हाय," ती म्हणाली. इमरानने धाटावच्या कंपनीला होकार कळवला आणि मग बाल्कनीत जाऊन बायकोशी फोनवर फार वेळ बोलला. आत आला तेव्हा डोळे लाल होते, पण म्हणाला, "तिला पण घरी यायचं होतं. विचारत नव्हतो मीच." रोह्याहून बेलखार दुचाकीवर काही लांब नाही, नानांचा फोन आला की भरतीच्या आत पोचता येतं, हे त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितलं की सायलीला हसू आवरेना.

मी निघाले त्या दिवशी मायलेक मला स्टेशनवर सोडायला आले. गाडीला अवकाश होता. इमरान म्हणाला, "मावशी, तुमच्या खात्याचा माणूस आता आमच्या घरी आला, तर काय लिहील?"

मी खरं तेच सांगितलं. "उत्पन्न घटलं, असं लिहील. आधी परदेशी पगार होता, आता नाही. तक्त्यात तुमचं घर खाली सरकेल."

इमरान रुळांकडे बघू लागला. मला वाटलं, उगाच बोलले. पण हमीदाबी पुढे झाली, कमरेवर हात ठेवून, बांधावर उभी होती तशीच.

"लिव, घटला. खरा हाय ते. पन आमी आमच्या हातानं घटवला, आनि घर मजेत हाय, असा बी लिव."

"तसा रकाना नाही गं हमीदाबी."

"मंग कर."

गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले, ती दोघं फलाटावर गाडी सुटेपर्यंत उभी होती. निडी गेलं, नागोठणं गेलं. पेणजवळ दुपारची भरती बांधाला लागलेली दिसली आणि बांधाच्या आत शेतं कोरडी होती. रकाना करायचा अधिकार माझ्याकडे नोकरीत असतानाही नव्हता, आता तर नाहीच. म्हणून घरी पोचल्यावर पिशवी न उघडता आधी हे लिहायला बसले.